लॅब म्हणते, जागा नाही

प्रश्न

सप्रेम नमस्कार सर. तालुक्याच्या गावात माझं छोटं क्लिनिक आहे. पन्नाशीच्या एका पेशंटच्या ३७ नंबरच्या (खालच्या डाव्या दुसऱ्या) दाढेचं रूट कॅनल करून मेटल-सिरॅमिक क्राउन (आत धातू, वर पोर्सिलेन अशी टोपी) बसवला. पाच महिन्यांत निघाला. नवा केला, तोही तीन महिन्यांत ते रुमालात बांधून घेऊन आले. दोन्ही वेळा ग्लास आयनोमर सिमेंट वापरलं होतं. बसवताना दोन्ही क्राउन उंच लागले, तोंडात बरेच घासावे लागले. प्रेपच्या (क्राउनसाठी घासून तयार केलेल्या दाढेच्या) भिंती मोजल्या तर मागच्या बाजूला जेमतेम २.५ मिमी, बाकी ३. समोरच्या दाढेपर्यंत मी १.५ मिमी जागा काढली होती, पण लॅबचा फोन आला की जागा १ मिमीच आहे, समोरची दाढ घासा. ती वरची २७ धडधाकट आहे, तिला बर (दात घासायचं यंत्राचं टोक) लावायचं जिवावर येतं. पेशंट मिश्री लावतात, खालचे पुढचे दातही झिजलेत. आता काय करू? रेझिन सिमेंट, झिरकोनिया, क्राउन लेंथनिंग (हिरडी-हाड कमी करून दात जास्त उघडा करणं), की सगळी बाइटच (दात मिटल्यावरची उंची) उंच करायची? आणखी एक: दुसऱ्या पेशंटला ४६ च्या (खालच्या उजव्या पहिल्या दाढेच्या) जागी इम्प्लांट हवा आहे, पण समोरची वरची दाढ १६ खाली उतरली आहे. खालच्या हिरडीपासून तिच्यापर्यंत ५ मिमीच उरलेत.

उत्तर

डॉक्टर, सिमेंटचं शेवटी बघू. याच प्रेपवर नुसतं सिमेंट बदलून तिसरा क्राउन बसवला, तर तो जरा उशिरा निघेल, एवढाच फरक पडेल.

तुमच्या पेशंटकडे दोन गोष्टी कमी आहेत आणि पत्रात त्यांची सरमिसळ झाली आहे. दाढेच्या भिंतींची उंची कमी आहे, आणि दाढ व समोरच्या दाढेतलं अंतरही कमी आहे. अंतर वाढवायला वरून घासलं की भिंत तेवढीच बुटकी होते. म्हणजे क्राउनला जाडी मिळते आणि पकड जाते. त्यामुळे प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारायचा: हा अर्धा मिलिमीटर कुठून येतो आहे?

आधी भिंतींचं. दाढेसाठी किमान ४ मिमी आणि पुढच्या दातांना व उपदाढांना ३ मिमी उंची हवी, तीही समोरासमोरच्या भिंतींमधला एकूण टेपर (निमुळतेपणा) १० ते २० अंशांत असेल तर. उंची भागिले रुंदी हे गुणोत्तर ०.४ च्या खाली जाऊ नये. तुमच्या दाढेची रुंदी ९ मिमी धरली तरी ३.६ मिमी उंची लागते, आणि मागे आहे २.५. दाढ रुंद असल्यामुळेच हा त्रास होतो. पसरट डब्याचं उथळ झाकण एका कडेला दाबलं की दुसरी कड सहज उचलते, तसा क्राउन एका बाजूच्या मार्जिनवर (खालच्या कडेवर) टेकून फिरतो. ते फिरणं समोरच्या भिंतीने अडवायचं असतं. भिंत बुटकी किंवा तिरकी असली की क्राउनची कड तिला न अडता निसटते, आणि मग दर घासाला सिमेंट एकटंच भार घेतं. काही महिन्यांत ते थकतं.

याची परीक्षा सोपी आहे. जुना क्राउन सिमेंट न लावता दाढेवर बसवा, आणि एका बोटाने आधी गालाकडच्या, मग जिभेकडच्या कस्पवर (दाढेच्या उंचवट्यावर) दाबा. डुगडुगला, तर प्रेपमध्ये रेझिस्टन्स, म्हणजे फिरणं अडवायची ताकद, नाही. जुन्या क्राउनच्या आतही बघा. धातूवर एखादा चकचकीत घासलेला ठिपका दिसला तर क्राउन तिथे अडकत होता, पूर्ण बसलाच नव्हता. उंच लागण्याचं ते एक कारण असू शकतं. फिट तपासायचं सिलिकॉन आत घालून बसवलात तर तो ठिपका आणखी स्पष्ट होईल.

दुसरं कारण लॅबच्या टेबलावर सापडतं. जागा कमी पडली की काही तंत्रज्ञ समोरचं मॉडेल खरवडतात आणि तिथे लाल पेन्सिल फिरवतात. खरवडलेल्या मॉडेलवर केलेला क्राउन तोंडात तेवढाच उंच येतो. आपण तो घासत बसतो, पोर्सिलेन पातळ होतं, खालचा पांढरट ओपेक थर डोकावतो, आणि पृष्ठभाग खडबडीत झाल्याने समोरची दाढ झिजते. जुनी मॉडेल्स लॅबकडे असतील तर मागवून २७ च्या मॉडेलवर लाल खूण आहे का, तेवढं बघून घ्या.

आता तुम्ही काढलेला तो अर्धा मिलिमीटर गेला कुठे? तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो. दाढ ओळीतली शेवटची असेल, तर जागा खरोखर नाहीशी होऊ शकते. कित्येकांच्या तोंडात जबडा सांध्यात पूर्ण बसला की पहिली टेकते ती नेमकी शेवटची दाढ. स्नायू ती अडचण टाळून जबडा थोडा पुढे किंवा बाजूला सरकवून चावायला शिकलेले असतात. पेशंट रोज चावतो ती बाइट अशी असते. तुम्ही ३७ घासली की तो अडसर जातो, स्नायू सैल पडतात, कॉन्डाइल (जबड्याचं सांध्यातलं टोक) वर सरकून आपल्या जागी बसतो आणि मागची दाढ २७ च्या जवळ येते. १.५ मिमी बघून तुम्ही थांबता. इम्प्रेशन घेईपर्यंत किंवा पुढच्या भेटीपर्यंत तिथे १ उरलेला असतो. घासाल तितकी जागा पुन्हा भरत गेली, तर हेच चाललं आहे असं समजा आणि बर खाली ठेवा.

हे आधी ओळखायला लीफ गेज लागतो. साधारण ०.१ मिमीची एकेक पट्टी असलेला गठ्ठा पुढच्या दातांमध्ये धरा, मागचे दात एकमेकांना लागणार नाहीत इतका जाड. पेशंटला जबडा पुढे न्या, मागे न्या आणि मागे ठेवून मध्यम जोराने चावा असं सांगा. पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. मग एकेक पट्टी काढत जा. ज्या दाताला पहिला स्पर्श जाणवेल तिथे पातळ आर्टिक्युलेटिंग पेपरने खूण करा. खूण ३७ वर आली आणि प्रेप व्हायचं असेल, तर मॉडेल्स आर्टिक्युलेटरवर (जबड्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या उपकरणावर) चढवून आधी विचार करा आणि पेशंटला त्याची कल्पना द्या. अशा दाढेवर एक युक्ती कामी येते. बाकी प्रेप पूर्ण करायचं, पण चावताना लागणारा एक ऑक्लुजल (चावायच्या पृष्ठभागावरचा) बिंदू शाबूत ठेवायचा. तो टेकलेला असताना बाइट रेकॉर्ड (चावण्याचा ठसा) घ्यायचा, मग तो बिंदू घासून रेकॉर्डमध्ये तेवढ्याच भागात मटेरियल भरायचं. अशाने जबड्याला सरकायला सबब उरत नाही. या पेशंटच्या दाढेवर आता असा बिंदूच नाही. म्हणून क्राउनशिवाय लीफ गेज लावा, जबडा कुठे स्थिरावतो ते बघा आणि तिथून जागा मोजा. तो आकडा धरूनच पुढचं ठरवायचं.

याहून साधी कारणंही असतात. टेंपररी (तात्पुरती टोपी) दिलीच नाही किंवा ती मधेच निघाली, तर दोन-तीन आठवड्यांत दाढ वर येते, समोरची खाली येते. दोन्ही बाजू एकदम घेणारा जाळीचा ट्रे तुम्ही शेवटच्या दाढेवर वापरत असाल तर तो बंद करा. त्याची मागची पट्टी हिरडीच्या उंचवट्यावर अडते, पेशंट पूर्ण चावत नाही आणि मागे दुसरा आधारही नसतो. ३७ साठी पूर्ण कमानीचे दोन वेगळे इम्प्रेशन आणि वेगळा बाइट रेकॉर्ड घ्या.

जागा नजरेने अजमावू नका. बाइट रेकॉर्डचं सिलिकॉन दाढेवर घालून चावू द्या, कडक झालं की काढून लॅबच्या जाडीमापकाने तीन ठिकाणी जाडी मोजा: गालाकडचा कस्प, मधली खाच, जिभेकडचा कस्प. खालच्या दाढेत गालाकडचा कस्प काम करणारा असतो, म्हणून तिथे जागा जास्त लागते. त्या कस्पला बेव्हल (तिरका उतार) द्यायचा राहिला तर मधल्या खाचेत दीड मिलिमीटर दिसतो आणि क्राउन कस्पवर पातळ पडतो. ही चूक फार जणांकडून होते.

या जागेत मावेल असं मटेरियल निवडणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. वर पोर्सिलेन असलेल्या मेटल-सिरॅमिकला १.५ ते २ मिमी हवेत. तुमच्याकडे १ होता, तेव्हा ते दोन्ही क्राउन जन्मतःच अडचणीत होते. लिथियम डायसिलिकेटला १.५ मिमी लागतो, इनॅमलवर नीट बाँड केला तर १ पर्यंत चालतो. सलग झिरकोनिया, म्हणजे वर पोर्सिलेनचा थर नसलेला, १ मिमीत बसतो. पूर्ण धातूचा क्राउन काम करणाऱ्या कस्पवर १.५ आणि इतरत्र १ मिमीत. धातूचा आणखी एक फायदा असा की मार्जिनला अर्धा मिलिमीटर चॅम्फर (गोलसर पायरी) पुरतो. ३७ हसताना दिसत नाही. पेशंटला पांढराच हवा असेल तर सलग झिरकोनिया द्या, पण तोंडात घासावा लागला की रबराने क्रमाक्रमाने पॉलिश करा. नुसता ग्लेझ चढवून भागत नाही. ग्लेझ काही काळात उडतो आणि खालचा खरखरीत झिरकोनिया २७ खातो.

म्हणजे मटेरियल बदललं तर १ मिमीच्या आसपास निभतं आणि वरून आणखी घासावं लागत नाही. कस्पवर थोडी कसर राहिलीच तर फक्त तिथला बेव्हल नीट करा.

उरली पकड. भिंतींचा खालचा अर्धा भाग उभट करा. एकूण टेपर १० अंशांच्या जवळ आला तरी पुष्कळ फरक पडतो. मग मेसियल (पुढच्या) आणि डिस्टल (मागच्या) बाजूला एकेक खोबण घ्या. क्राउन गाल-जीभ दिशेने डुगडुगतो, म्हणून खोबणी शेजारच्या दातांकडच्या बाजूंवर हव्यात; गालाकडे घेतलेली खोबण ते डुगडुगणं नीट अडवत नाही. निमुळत्या चपट्या टोकाचा बर साधारण १ मिमी आत न्या, खोबण मार्जिनच्या अर्धा मिमी वर थांबवा. दोन्ही खोबणी एकमेकींना आणि क्राउन बसायच्या दिशेला समांतर ठेवा. त्या डेंटिनमध्ये (इनॅमलच्या आतल्या दाताच्या थरात) हव्यात. नुसत्या कॉम्पोझिट कोअरमध्ये (दाताच्या आत भरलेल्या गाभ्यात) कोरल्या तर भरवसा कोअरच्या बाँडवर जातो. रूट कॅनल झालेल्या दाढेत कोअर आणि बाहेरची कड यांमध्ये डेंटिन किती उरलंय ते आधी मोजा. खोबण घेतल्यावर १ मिमीहून कमी उरणार असेल तिथे ती घेऊ नका. मार्जिनच्या वर निरोगी दाताची दीड ते दोन मिमी कड सगळीकडून असणं ही वेगळी अट आहे आणि ती तुमच्याकडे पूर्ण होते, असं भिंतींच्या मापावरून दिसतं. मात्र त्या उंचीत कोअर किती आणि दात किती, हे क्ष-किरण आणि नजर दोन्हींनी तपासा.

मागची २.५ मिमीची भिंत वाढवायला हिरडी बघा. शेवटच्या दाढेमागे हिरडी बहुधा जाड असते. भूल देऊन प्रोब हाडापर्यंत घाला. हिरडीच्या कडेपासून हाड ४ मिमी किंवा जास्त खोल लागलं, तर हाडाला न शिवता वरची जादा हिरडी वेज (पाचर) काढून कमी करता येते आणि भिंतीला सुमारे १ मिमी मिळतो. मार्जिन ते हाड ३ मिमी राहायलाच हवेत. त्यात शिरलात तर सूज आणि रक्तस्राव तिथे कायमचे वस्तीला येतात.

खरं क्राउन लेंथनिंग, म्हणजे हाड काढून, खालच्या मागच्या दाढेत मी सहजी सांगणार नाही. गालाकडे जबड्याच्या तिरक्या कडेचं सपाट हाड असतं, त्याला उतार देणं अवघड जातं. शिवाय मुळांची दुभागणी फार खाली नसते. खालच्या दाढेत गालाकडून ती साधारण ३ मिमीवरच सुरू होऊ शकते. भिंतीसाठी २ मिमी हाड काढायला जाल आणि दुभागणी उघडी पडेल. मग क्राउन टिकेल पण दाढ राहणार नाही. केलंच तर अंतिम मार्जिन घेण्याआधी ६ ते ८ आठवडे थांबा.

पुढच्या पेशंटसाठी एक नोंद. रूट कॅनल झालेली बुटकी दाढ पहिल्यांदाच हाती आली, तर एंडोक्राउनचा विचार करा. त्यात पकड भिंतींची नसून पल्प चेंबरची (दाताच्या आतल्या पोकळीची) आणि बाँडची असते. चेंबरची खोली किमान ३ मिमी, भिंती वरच्या दिशेला ८ ते १० अंश उघडत्या, तळ जसाच्या तसा, सभोवती सपाट कड आणि ती इनॅमलमध्ये. तुमच्या दाढेचं मात्र पूर्ण क्राउन प्रेप झालं आहे, कडेचं इनॅमल गेलं आहे, मागच्या बाजूला रबर डॅम (लाळ अडवणारा रबराचा पडदा) बसवणंही जिकिरीचं. म्हणून इथे खोबणींसह धातूचा किंवा झिरकोनियाचा क्राउनच बरा.

२७ ला हात लावायचा का? ती दाढ शेजाऱ्यांच्या पातळीत असेल तर नाही. लॅबची सोय हे कारण होत नाही. पण तिचा जिभेकडचा कस्प पातळीच्या खाली टोकदार उतरला असेल, तर अर्धा मिलिमीटर इनॅमल गोलसर करणं योग्य आहे. त्याने ३७ वरचा तिरका मारही कमी होतो. आधी मॉडेलवर घासून बघा, तोंडात इनॅमलच्या बाहेर जाऊ नका, १ मिमी ही वरची हद्द समजा. पॉलिश करून फ्लोराइड व्हार्निश लावा. आणि पेशंटला हे बर लावण्याआधी सांगून लेखी संमती घ्या. नंतर सांगितलं की ते स्पष्टीकरण राहत नाही, सारवासारव होते.

बाइट उंच करण्याचा विचार एका क्राउनसाठी करू नका. जबडा बिजागरीसारखा उघडतो, त्यामुळे मागे १ मिमी मिळवायला पुढे साधारण २ ते ३ मिमी उघडावं लागतं. ३७ ला जागा करायची म्हणून सगळं तोंड बांधून काढणं कुणाच्याच हिताचं नाही. क्राउन मुद्दाम उंच ठेवून ‘बसेल हळूहळू’ म्हणणं तर मागच्या दाढेवर नकोच.

झिजलेल्या पुढच्या दातांचा प्रश्न मात्र खरा आहे, फक्त तो वेगळ्या कागदावर मांडा. झीज झाली म्हणजे उंची गेली असं नसतं. दात झिजतात तसे हाडासकट वरही येत राहतात. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर ठिपके काढून विश्रांतीत आणि चावताना अंतर मोजा. फरक २ ते ४ मिमी आला तर उंची शाबूत आहे. ६-७ आला तर गमावली आहे. नुसते पुढचे दात झिजले असतील, तर १९७५ मध्ये नॉर्वेच्या डाल आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत वापरता येते. त्यांनी वरच्या पुढच्या दातांमागे कोबाल्ट-क्रोमियमची प्लेट बसवली होती, आज आपण कॉम्पोझिट लावतो, २-३ मिमी जाड. मागचे दात अधांतरी राहतात आणि साधारण चार ते नऊ महिन्यांत पुन्हा टेकतात. काही अंशी पुढचे आत जातात, काही अंशी मागचे बाहेर येतात. मागे इम्प्लांट असेल तर तो जागचा हलत नाही हे विसरू नका. सगळेच दात झिजले असतील तर प्रॉस्थोडोंटिस्टकडे (कृत्रिम दातांच्या तज्ज्ञाकडे) पाठवा. मिश्री सोडवायचा प्रयत्न आजपासून करा, झिजेपेक्षाही तोंडाच्या कॅन्सरसाठी. गालाच्या आतला आणि हिरडीच्या खोबणीतला पांढरा चट्टा दर भेटीत बघा.

आता सिमेंट. धातूच्या क्राउनला आतून ५० मायक्रॉन ॲल्युमिनाने ब्लास्ट करून घ्या आणि रेझिन मॉडिफाइड ग्लास आयनोमर वापरा. उंचीची ओढाताण असेल तर एमडीपी (धातूला आणि झिरकोनियाला चिकटणारं रसायन) असलेलं रेझिन सिमेंट. झिरकोनियाला तेच, पण ब्लास्टिंगचा दाब सुमारे २ बार ठेवा. तोंडात बसवून बघितल्यावर लाळ लागते, ती फॉस्फोरिक ॲसिडने धुऊ नका: ॲसिडमधलं फॉस्फेट झिरकोनियावर चिकटून एमडीपीची जागा अडवतं. त्यासाठीची खास क्लीनर पेस्ट वापरा किंवा पुन्हा ब्लास्ट करा. बसवल्यावर शिमस्टॉकची (दातांचा स्पर्श तपासायची अतिपातळ) पट्टी चावल्यावर ३७ वर आणि पुढच्या दाढांवर सारखीच धरली जावी. बाजूला सरकताना ३७ वर एकही खूण नको. झोपेत दात खायची सवय दिसली तर वरच्या दातांसाठी कडक ॲक्रिलिकचा नाइट गार्ड, २ मिमी जाड.

इम्प्लांटबद्दल थोडक्यात. सिमेंटवर बसणाऱ्या क्राउनसाठी इम्प्लांटच्या माथ्यापासून समोरच्या दातापर्यंत निदान ८ मिमी हवेत: हिरडीचे २, अबटमेंटचे (क्राउन धरणाऱ्या मधल्या खुंटाचे) ४, क्राउनचे दीड-दोन. तुमच्याकडे हिरडीच्या वर ५ आहेत, हिरडी धरून ७ होतील. म्हणजे सिमेंटचा बेत सोडा आणि स्क्रूने बसणारा क्राउन करा; अबटमेंट बुटकं असलं तरी तो टिकतो आणि कधीही उघडता येतो. पण इम्प्लांट रोवण्याआधी १६ चं ठरवा. ती १ मिमी उतरली असेल तर इनॅमल गोलसर करून भागेल. २-३ मिमी असेल तर ऑर्थोडोंटिस्टकडून गालाकडे एक आणि टाळूकडे एक असे दोन मिनी स्क्रू लावून वर ढकलून घ्या. त्याला काही महिने जातात, ते इम्प्लांट हाडात जुळायच्या काळात बसवता येतात. ढकललेली दाढ ४६ चा क्राउन येईपर्यंत रिटेनरने धरून ठेवा, नाहीतर ती परत खाली येते.

लॅबच्या चिठ्ठीवर या वेळी तीन ओळी लिहा: ऑक्लुजल भागात धातू किंवा सलग झिरकोनिया, पोर्सिलेन नाही; खोबणी डायवर (दाढेच्या मॉडेलवर) बुजवू नयेत; जागा कमी वाटली तर समोरचं मॉडेल खरवडू नये, आधी फोन करावा.